अजून घोंगडं नाही

दोडीच्या माळावरून साडेतीन मेंढ्यांची लोकर आणली
एका पोत्यात. अर्धी मेंढी कशी, असं विचारलं
तर ठकूबाई बिडगर म्हणाली, कातरताना पळाली.
पैसे घेतले नाहीत. कातरणाऱ्याला द्यावे लागतात,
न्यायला कुणी येत नाही, टाकतो मग बांधावर.
येताना पाहिलं, वाऱ्यानं उडून ती तारांना लटकली होती,
कुंपण म्हातारं झाल्यासारखं.

पोतं बाल्कनीत ठेवलं. रात्रीपर्यंत
अख्ख्या मजल्याला मेंढरांचा वास.
वाकचौरे वहिनींनी दारातूनच विचारलं,
कुणी आजारी आहे का.

तेवीस वर्षं मी सातपूरला तपासणीच्या टेबलावर होते.
शाफ्ट फिरवायचा, डायलचा काटा पाहायचा,
दोन शतांश मिलिमीटर डगमगला की लाल शिक्का.
आता माझी चाती फिरते: बांबूची काडी,
खाली खापराची चकती, मीच भोक पाडलेली.
ती इतकी डगमगते
की शिक्क्याला शाई पुरायची नाही.

पहिली मेंढी मी उकळत्या पाण्यात घातली,
साबण लावून, खसाखसा चोळून.
बाहेर आलं ते पायपुसणं,
तेही एका पायाचं.
फेकणार होते. मिक्सरखाली ठेवून पाहिलं
आणि आमच्या घरात पहिल्यांदाच
चटणी वाटताना बोललेलं ऐकू आलं.
संध्याकाळी वाकचौरे वहिनींनी
त्यांच्या मिक्सरचं माप पाठवलं.

दुसरी कोमट पाण्यात, न ढवळता.
भिजत घोंगडं म्हणतात ना,
इथे घोंगडं व्हायला दोन जन्म लागतील,
भिजणं तेवढं चालू.
पाणी आधी चहासारखं, मग गोदेच्या पुरासारखं.
ते कढीपत्त्याच्या कुंडीला घातलं.
पोटाखालची, लेंड्या चिकटलेली आखूड लोकर
तीही तिथेच, मातीवर पांघरूण.
ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस बाहेरगावी गेले,
आल्यावर बोट खुपसलं: आत ओल होती.

सराटे वेचताना बोटं फाटायची
आणि त्याच लोकरीचा चिकटपणा ती भरून काढायचा.
कंपनीत कूलंटनं भेगा पडायच्या,
मलम मिळायचं, रजिस्टरात सही करून.

पेळू.
हा शब्द मला आवडतो, नुसता म्हटला तरी मऊ लागतो.
माझ्या हातात मात्र तुटतो.
पीळ कमी पडला की तुटतो, जास्त झाला
की आपल्याच अंगाभोवती वेटोळं घालून बसतो,
रुसलेल्या पोरासारखा.
वीतभर जाड, वीतभर केसाएवढा,
आणि मध्येच एक जागा,
कशी झाली कळत नाही, अगदी बरोबर.
चार बोटं लांब असेल.
ती मी मायक्रोमीटरमध्ये धरून पाहिली.
पुन्हा धरली.
घरात कुणाला सांगितलं नाही.

मेंढरं घाट उतरायच्या आत
गुंडा घेऊन दोडीला गेले.
ठकूबाईनं तो नखानं चाचपला.
डायलच्या काट्याकडे पाहावं
तशी मी तिच्या भुवईकडे पाहत होते.
ही काळ्या कानाची, म्हणाली.
धाग्याबद्दल अवाक्षर नाही.
मग पालातून दुसरं पोतं ओढलं,
तोंड बांधायला सुतळी शोधली, सापडेना.
माझाच गुंडा सोडला, हातभर, आणखी हातभर,
दोन पदरी करून आवळला,
आणि उरलेला दातानं तोडायला गेली.
तुटंना गं, म्हणाली,
आणि विळा मागवला.

एसटीत पोतं पायाशी.
मोहदरीच्या वळणांवर वाकून पाहायची,
गाठ सरकली का.
शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला,
काय आहे आत?
दोन मेंढ्या, मी म्हटलं.
ती खिडकीकडे सरकली.