आरास

वही माझ्याकडे आली तेव्हा तिला वाळवी नव्हती,
खारं वारं तेवढं लागलं होतं.
पहिल्या पानावर पाच-पाच रेघा, त्यांत शेपटीवाले काळे मासे,
खाली मिंगेल फेरांवचं अक्षर:
वेंगुर्लें बंदर. चौदा जण, नऊ अनवाणी.

बोट लागली की वाजवायचे.
कस्टमच्या साहेबासाठी मार्च. साहेब नसला तरी मार्च,
दुसरं काही बसलेलंच नव्हतं.

मग एक पाद्री आला, आयर्लंडचा.
त्यानं शिट्टीवर एक नाच शिकवला, सहा मात्रांचा.
वासू गिरप म्हणाला, हा तर आपला दादराच की,
आणि ढोलाचं कातडं चुलीपुढे शेकायला बसला.
वहीत नोंद: आयरिश.
खर्चात: पाद्र्याच्या सर्दीला निलगिरी, चार आणे.

पुढे रेघा संपतात.
सा रे ग म, तिरके, घाईतले.
नाटकातली पदं, ज्यांत क्लॅरिनेट बाईच्या आवाजात रडायची.
मग नुसती सिनेमांची नावं,
एकापुढे फुली: वरातीत नको, नायिका मरते.
बोट बंद झाली त्या साली तीन पानं कोरी.
युफोनियम बांद्याला गहाण. सुटलं, पोचा पडून.

आणि वीस-पंचवीस पानांनी ती सहा मात्रांची धून
पुन्हा उतरवलेली, दर वेळी दुसऱ्या हातानं.
आयरिश. आरीश. आरीस.
मग कुठल्याशा पावसाळ्यात
दमटीनं वेलांटीचा वरचा गोल खाल्ला,
काना तेवढा उरला.

तेव्हापासून ती गणपतीची.
लहानपणी मी बाबल मोचेमाडकराला विचारलं होतं.
क्लॅरिनेट झटकत म्हणाला,
"मखराचो पडदो वडतत तेव्हा वाजता, म्हणान आरास.
तुका वेगळा काय होया?"

आता आम्ही सहा जण आणि एक कॅसिओ.
गाणं फोनवर येतं, फोनवरच राहतं,
वहीत गिऱ्हाइकाचा नंबर आणि वेळ.
यंदा पान घडीवर फाटायला आलं
म्हणून चवथीच्या आधी धून मीच उतरवून घेतली.
नावापाशी पेन थांबलं.
मागे जाऊन शोधलं; पाद्र्याचं नाव
कुणी लिहिलेलंच नाही. सर्दी तेवढी लिहिली आहे.

आरास, लिहिलं.
खाली खर्च: रीड दोन, ढोलाचं कातडं एक,
निलगिरी.