चाबीवाली

जुन्या दूध डेअरीची खोली आमच्या गटाले भेटली
तवा तिच्यात आंबूस वास होता अन् एक मोडका तराजू.
तराजू तसाच ठेवला.
बाकी जागेत फवारणीचे चार पंप, सायकल-डवरे सहा,
दोन ताडपत्र्या, कडबा कापायची मशीन,
खिळ्यावर वही, वहीले बांधलेला पेन.
चाबी माह्यापाशी.
रात्री उशाखाली टोचे,
मी कूस बदलली का तीही सरके.

तान्ह्या पोळ्याच्या रात्री,
पोट्ट्यांचे लाकडी बैल अजून ओसरीतच उभे,
अन् इकडं कोयंडा कापलेला.
कुलूप शाबूत!
कापल्या कोयंड्यात लोंबत होतं,
जसं त्याचं काम त्यानं केलं,
बाकीच्याचं त्याले काय.
दोन पंप गेले, एक डवरा गेला.
वही कोणी नेली नाई.

ठाणेदार चांगला. खुर्ची दिली.
मग इचारलं, पावती कोणाच्या नावची?
पावती सुगंधाच्या मालकाच्या नावची,
दुकानात तो गेलथा,
आम्ही पऱ्हाटीत होतो.
बरं, ओळख काय? रंग?
पिवळा.
तो हसला नाई, एवढं भलेपण.
बाई, म्हणे, जिल्ह्यातले सारेच पंप पिवळे हायेत.

गावानं उपाय सांगतले.
कुत्रं पाळा.
(कुत्र्याले भाकर कोणाच्या घरची, यावर एक बैठक गेली.)
दारावर लिंबू बांधा.
कॅमेरा लावा, पण रात्री लाईन राहीन तवा ना.
आलम वेल्डरनं गुपचूप येऊन
नवा कोयंडा आतून जोडला,
बोल्टाची डोकी घासून गुळगुळीत केली,
चहा पेला, पैसे अर्धेच घेतले.
अन् वच्छला म्हणे,
नावं टाकू ना, भांड्यावर टाकतो तशी.

आता भांड्याचं सांगते.
माह्या घरी गुंडावर मामाचं नाव,
परातीवर नंदईचं, ताटावर सासऱ्याच्या भावाचं.
बावीस वर्षं घासते मी ती नावं,
एकही माहं नाई.

बेस्तरवारच्या बाजारात नावं टाकणारा बसते,
त्याची मशीन मधमाशीवानी बोलते.
त्याच्यापुढं आम्ही डवरे नेऊन आडवे घातले.
तो म्हणे, काय टाकू?
गटाचं नाव लई लांब, दांडीवर मावत नाई.
मग जो डवरा जिच्या हाती जास्त, तिचं.
सुगंधा.
पंचफुला.
वनमालाचं टाकताना ती दूर जाऊन उभी राहिली,
जसं कोणी तिचा फोटो काढत होतं.
वच्छलाच्या वेळी घाईत अर्धा च सुटला.
वछला.
चालते, म्हणे, माय तशीच हाक मारे.
वावर सासऱ्याच्या नावानं, घर मालकाच्या,
अन् लोखंडावर वछला,
ऊन पडलं का चमकते.

माह्या हाती डवरा कमी, चाबी जास्त.
त्यानं कुलूप मागतलं
अन् तळहातावर धरून टाकलं, बयना.

कार्तिकात भंगारवाल्याकडं एक पंप सापडला.
पिवळा.
आता ओळख काय, मी मनातच म्हटलं.
तर पट्ट्याले चिंधी, हिरव्या काठाची,
खांद्याले लागे म्हणून वनमालानं गुंडाळलेली.
ठाणेदारानं पंचनाम्यात लिवलं, पातळाचा काठ, हिरवा.
दोनदा वाचून दाखवलं.
दुसरा पंप गेला तो गेलाच.

चोर गावातलाच असन.
कोयंडा कुठून कापायचा, त्याले ठाऊक होतं.
बाजारात दिसत असन, रामराम घालत असन,
मीही घेत असन.
चाबी अजून टोचते.
पण आता अंधारात त्यानं डवऱ्याले हात घातला,
तर बोटाले आधी अक्षरं लागतीन.
उचलायच्या आधी
वाचा लागन त्याले.