सोमवारी दगड हलवले

उद्यमनगरात सोमवारी सुट्टी.
शटर अर्धं वर करून वाकून आत गेले.
लेथवर गोणपाट, फरशीला कुलंटचा वास,
आणि केबिनमध्ये ह्यांची टाकी, दोन फुटी,
जिची मोटर पाच महिने मी बंद पडू दिली नाही,
बाकी काहीच येत नव्हतं तेव्हाही.

आत दोघंच.
एक काळ्या पट्ट्यांचा, कैद्याच्या कपड्यातला,
फुटक्या कुंडीत राहणारा.
कुंडीभोवती वीतभर पाणी त्याचं.
सातबारा नाही, मोजणी मात्र रोज.
दुसरा फिल्टरच्या पाइपमागे.
त्याचा रंग कोणता, मला अजून नीट माहीत नाही.

लक्ष्मीपुरीत शौकत शिकलगारांना म्हटलं होतं,
हा भांडकुदळ आहे, परत घ्या.
ते जाळी धूत होते. मान वर न करता म्हणाले,
"ताई, त्यो भांडत न्हाई, घर राखतोय.
आन् मागचाबी भित्रा न्हाई.
भाईर धोका न्हाई, हे त्येला
अजून कुनी दाखवलंच न्हाई."
मग विचारलं, "टाकीखाली थर्माकोल हाय?"
नव्हता.
शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस.
दर ठोक्याला पाण्यावर एक गोल उठायचा,
आणि मी समजत होते, स्वभावच आहे त्याचा.

"सुट्टीदिवशी समदं दगड हिकडचं तिकडं करा," ते म्हणाले.
"जागाच वळखीची न्हाई म्हटल्यावर
भांडतोय कशावर?"
आणि पिशवीत सहा बारके मासे सोडले, पैसे न घेता.
"हे वरनं निवांत फिरत्यात.
त्यास्नी बघून मागचा ठरवतोय, यावं का न्हाई."

दगड भोगावतीतले.
ह्यांनी रुमालात बांधून आणलेले,
पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली,
आणि मी रुमालावरून बोलले होते.
सपाट दगड डावीकडे, त्यावर तिरका लांबट.
तसेच होते ते अजून.
कोपरापर्यंत हात घालून मी थांबले.
पाणी आधी गार लागलं, मग लागेना.

कुंडी उचलली तसा तो मनगटावर आला.
टोचला. पुन्हा टोचला.
बोटाएवढा जीव,
आणि मला हसू फुटलं, मोठ्यानं,
रिकाम्या कारखान्यात.

दोन नंबरच्या लेथवर बापूसो मेस्त्री असतात.
मी जवळ गेले की रॅकमधली टूलं लावायला घेतात,
लावलेलीच.
"वैनी, तुमी केबिनात बसा, चा पाठवतो."
पाठवतातही. दोनदा, आलं घालून.
मी पिते. काचेतून बघते.
काच त्या बाजूनं ते पुसतात, ह्या बाजूनं मी.

दगड हलवल्यावर पट्ट्यांचा मधोमध तरंगत राहिला,
रंकाळा स्टँडला उतरायचं सोडून
सीबीएसला उतरलेल्या माणसासारखा.
त्याचं वाईट वाटलं.
कुंडी उजव्या कोपऱ्यात ठेवली, तोंड भिंतीकडे.
तासाभरानं आत गेला. बाहेर आला. पुन्हा गेला.
सहा बारके वरून इकडून तिकडे,
कुणाची हद्द कुठं, त्यांना पत्ता नाही.

मंगळवारी चहावाल्याचा सोन्या आला.
तो कुठूनही जातो,
बऱ्यांवरून उडी मारतो, लेथवर ग्लास टेकवतो,
मेस्त्रींच्या फडक्याला हात पुसतो,
आणि त्याला कुणी काही म्हणत नाही.
माझा ग्लास घेऊन केबिनकडे वळला,
तर मी दारातच होते.
म्हटलं, राहू दे, तिथंच घेते.
गेले त्याच्या मागोमाग.

मेस्त्रींनी टूलं लावायला घेतली.
मी चहा पीत उभी राहिले.
मशीन चालू होतं, वेटोळं निघत होतं,
निळसर, गरम.
"कितीचा आटा?" विचारलं.
बराच वेळ काही नाही.
मग, जॉबवरून नजर न काढता, "दीडचा."
आणि थोड्या वेळानं,
"मालक पन पैल्यांदा हेच इचारायचे."

टाकीतला मागचा अजून पुरता बाहेर नाही.
काल शेपटी दिसली.
पिवळी वाटली.
ट्यूबलाइटमुळेही असेल.