खालच्या ओठाजवळ

लष्करात, पाटणकर बाजारात आमचा स्टुडिओ.
खाली चिवड्याचं दुकान, वर आम्ही,
म्हणून जुन्या पडद्याला (तळं, हंस, दोन खांब)
अजून तळणीचा वास येतो.

नाना खिडकीशी बसून चेहरे दुरुस्त करायचे.
कलत्या काचेवर निगेटिव्ह, खाली आरसा,
डोळ्याला भिंग, हातात सुईसारखी तासलेली पेन्सिल.
निगेटिव्हवर काळं केलं की कागदावर गोरं होतं,
हा उलटा हिशेब मला पाढ्यांच्या आधी येत होता.
देवीचे वण, जागरणाची वर्तुळं, पडलेल्याच्या खुणा
नाना खसखशीएवढ्या टिंबांनी भरून काढत,
आणि ग्वाल्हेरच्या मुली उजवल्या जात.

कुंदाबाई ढोबळे आल्या तेव्हा मी
एका पोराचा पासपोर्टचा फोटो काढत होते.
"कान दिसू देत. हसू नकोस."
तो हसतच होता. "हो गया?" विचारत होता.
बाई बाकावर बसून राहिल्या.
मग पर्समधून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला:
आमच्याच हंसांपुढे, इरकल नेसून, एकोणीस वर्षांच्या त्या.
मागे नानांचा शिक्का, सन अठ्ठ्याहत्तर.
चेहरा घासलेल्या ताटासारखा साफ.
फक्त खालच्या ओठाजवळ
निळ्या बॉलपेननं ओढलेली
तांदळाएवढी रेघ.

मी वर पाहिलं.
रेघ तिथंच होती, त्यांच्या ओठाशी,
जुनी, खोलगट.

"पसंती ह्याच फोटोवर झाली," त्या म्हणाल्या.
"झाशीला पहिल्या रात्री ह्यांनी दिवा लावला,
माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं,
आणि मालवला.
चाळीस वर्षांत विषय नाही काढला.
माघात गेले. त्यांच्या खणात हा निघाला.
रेघ कधी ओढली कोण जाणे.
रागानं ओढली असेल का हो?"

मला काय माहीत.
मी भिंग घेऊन पाहिलं.
हात कापला नव्हता. दोनदा गिरवली होती.

"बसा, लाइट लावते."
"इथं नको."

उरवाईच्या चढावर नेलं त्यांनी आम्हाला.
कड्यात कोरलेले तीर्थंकर,
कुणाचे चेहरे फोडलेले, कुणाचे मागाहून लिंपलेले.
"इथं पडले. भावाची सायकल, ब्रेक नव्हते, मी नऊ वर्षांची.
दगड कोणता ते आता नाही सांगता येत."

साडेअकराचं ऊन. अशा उन्हात शहाणं माणूस पोर्ट्रेट काढत नाही;
डोळ्यांच्या खोबणी होतात, नाकाखाली मिशी उगवते.
इरफाननं थर्माकोल धरला.
उजेड हनुवटीखालून चढला
आणि रेघ गेली.
नानांचा हात एकदम आठवला मला.
"इरफान, खाली घे. आणखी. ठेवूनच दे."

मान वर, मान खाली, काही सांगितलं नाही.
त्या उताराकडे बघत होत्या,
कुणी वेगानं येतंय आणि बाजूला व्हायला हवं, तशा.
पाच फोटो. तिसऱ्यात ओठ जरा उघडे.

परतल्यावर डब्यातून निगेटिव्ह शोधलं,
अकराशे छप्पन.
खिडकीला धरलं: ओठाजवळ नानांची टिंबं,
एकावर एक, एकही रेषेबाहेर नाही.
"हे पुसता येतं?"
"टर्पेंटाइनचा बोळा. मिनिटाचं काम."
त्यांनी कापूस घेतला, हुंगला,
बराच वेळ चिमटीत धरला,
आणि माझ्या हातावर परत ठेवला.
"राहू दे. तुमच्या वडिलांचं अक्षर आहे ते."

पाचशेचे सुट्टे माझ्याकडे नव्हते,
खालून चिवडेवाल्याकडून आणले.
"प्रिंट केवढा करू? आठ बाय दहा?"
"एवढा कशाला," त्या म्हणाल्या,
"जुन्याएवढाच.
खणात बसला पाहिजे."