कारण : टिंब

भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये
दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा.
खाली धनावडे वजनकाटे दुरुस्त करतात,
वर आम्ही पाचजण डॉक्टरांना सांगतो
की हे औषध त्या औषधाशेजारी बसवू नका.

सांगतो म्हणजे काय, त्यांनी नाव टाईप केलं
की पडद्यावर चौकट उघडते.
पिवळी, नारिंगी, लाल.
लाल बंद करायची तर कारण लिहावं लागतं.
ही अट मीच घातली होती, मोठ्या तोऱ्यात.
कारणाच्या रकान्यात डॉक्टर टिंब देतात.

एक टिंब. कधी दोन.
एका साहेबांनी घाईत नुसती स्पेस दाबली,
मशीनने तेही कारण मानलं.
सकाळी डाबरे यादी काढतो:
रात्रभरात चारशे बारा लाल चौकटी,
तीनशे नव्वद टिंबं.
वसईचा माणूस, बोलतो कमी. म्हणाला,
"मॅडम, आता रेघा जोडल्या की रांगोळी."

चौदा वर्षं मी औषधांच्या खिडकीत उभी होते, शीवला.
तिथे चिठ्ठीमागे हात असायचा,
हाताला मेंदी, सिमेंट, कधी सलाइनची पट्टी.
शंका आली की मी काचेवर टकटक करायचे,
"बाई, थांबा जरा."
इथेही काच आहे.
पलीकडे बाई नाही.

त्या गुरुवारी, पहाटे सव्वातीन.
स्त्री, वय एकसष्ट, वजन अठ्ठेचाळीस, सांधे.
आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी,
लिहिलेली रोज.
चौकट लाल झाली. आठ ओळींची.
दोन सेकंदांत टिंब.
दोन सेकंदांत आठ ओळी कोण वाचतं,
लिहिल्या मी, मीही वाचल्या नसत्या.

रुग्णाचं नाव आमच्याकडे येत नाही. नियम आहे, चांगला आहे.
इस्पितळ कळतं, वॉर्ड कळतो.
यादीत दिसल्या दिसल्या फोन लावला.
आधी बराच वेळ सनई, मग एक मुलगी, जांभई देत,
"वॉर्डात अठ्ठावीस बायका, निम्म्यांचे सांधे दुखतात,
कुठली सांगू?"
एकसष्ट वर्षांची, म्हटलं.
"इथे सगळ्याच साठीच्या लिहितात हो."
मग सगळ्यांच्याच चिठ्ठ्या बघा, म्हटलं.
तिने फोन ठेवला. बघितल्या का, माहीत नाही.
आजही माहीत नाही.

डॉक्टर फर्झाना मुकादम आमच्या सल्लागार.
त्यांनी त्या पोराची अख्खी पाळी उपसली.
एकशे एकतीस चौकटी.
तापाच्या गोळीवर चौकट, खोकल्याच्या औषधावर चौकट,
पपनसाचा रस टाळा, अशीही एक.
गोवंडीत रात्री दोनला पपनसाचा रस कोण पितं?
"त्याने एकशे तिसाव्याला टिंब दिलं असेल," त्या म्हणाल्या,
"मी चाळिसाव्यालाच दिलं असतं."

मग खोडायला बसलो.
वकिलाचं पत्र आलं: काढू नका,
असलेलं बरं, अंगावर येत नाही.
प्रत्येक ओळ खोडताना पोटात गोळा,
हिचीच कुणाला गरज पडली तर?

एका दुपारी खाली चहाला गेले.
धनावडे पाच किलोच्या वजनाच्या पोटातून
शिसं कोरून काढत होते.
चार ग्रॅम जास्त भरलं होतं.
"जास्त असलं तर गिऱ्हाइकाचा फायदाच की," मी म्हटलं.
त्यांनी मान वर केली नाही.
"फायदा असेल. शिक्का नाही मिळत."

आता लाल चौकटीत दोनच वाक्यं:
ही गोळी आठवड्यातून एकदाच.
रोज दिली तर जीव जाईल.

परवा विक्रोळीहून मध्यरात्री कारण आलं,
इंग्रजी अक्षरांत मराठी, चुका भरपूर:
माहीत आहे. रक्त बघितलंय. तुम्ही झोपा.
डाबरेने छापून पंख्याच्या बटणावर चिकटवलं.

टिंबं अजून येतात. काल एकशे चार.
कुठलं विचार करून दिलेलं, कुठलं झोपेत,
टिंबावरून ओळखू येत नाही.