एकोणीस वर्षांचा वडीलधारा

दर सोमवारी नऊला यायचा,
दहा पांढरे शर्ट, दोघांचे मिळून:
पाच माझ्या मापाचे, पाच तंबूच्या.
गुदैबियाच्या गल्लीत आमची लॉन्ड्री,
बाहेर मनामाचं ऊन, आत वाफ,
वाफेत आम्ही तिघं:
शाजी केरळचा, बदरुल सिल्हेटचा, मी खेड तालुक्यातला.

तंबूवाल्याचा नंबर चारशे सतरा.
कॉलरच्या आत मार्करने लिहायचो,
कितीही धुतलं तरी जात नाही.

एकटा कधी आला नाही.
जोडीदार दाराशी उभा, हात मोकळे.
तेच पहिल्यांदा खटकलं मला,
या वयाचं पोर आणि मान वर?

एकदा खिशात काळी पट्टी सापडली.
इस्त्रीआधी खिसे चाचपायची सवय,
म्हणून वाचली, नाहीतर वितळली असती.
शाजीने अक्षरं लावली: एल्डर तुइपुलोतु.
खाली येशूचं नाव.
एल्डर म्हणजे रे काय?
वडीलधारा, शाजी म्हणाला,
आणि आम्ही पोट धरून हसलो.
गालावर पुटकुळ्या, हनुवटीवर वस्तऱ्याचा काप,
आणि म्हणे वडीलधारा!
मी सत्तेचाळीस वर्षांचा.
मला इथे सगळे रफीक म्हणतात,
म्हणजे मित्र,
म्हणजे कोणीही.

पट्टी परत दिली तर कानापर्यंत लाल झाला.
रस्त्यात लावत नाही, म्हणाला,
इथे चालत नाही, आम्ही पाळतो.
मग दिवसभर करता काय?
पेट्या भरतो. चादरी मोजतो.
एका फिलिपिनो म्हातारीचं पाणी तिसऱ्या मजल्यावर नेतो.
साडेसहाला उठतो, साडेदहाला दिवा बंद.
आमचा रविवार इथे शुक्रवारी असतो.
आणि देवाचं कोणाला सांगत नाही?
कोणी विचारलं तर, म्हणाला,
आणि थांबला.
मी विचारलं नाही.

करक चहा मागवला त्याच्यासाठी. नको म्हणाला.
कॉफी? तीही नको.
राग आला मला.
आमच्याकडे चहा नाकारणारा माणूस
जात विचारून गेल्यासारखा वाटतो.
आठवडाभर धुमसलो.
पुढच्या सोमवारी लिंबूसरबत करून ठेवलं, मीठ जरा जास्तच.
एका दमात प्यायला
आणि ग्लास स्वतः विसळून ठेवला.

ऑगस्टात एसी बसला.
शाजी भोवळ येऊन पडला, बदरुल त्याला घेऊन दवाखान्यात.
मी एकटा, समोर कोणाच्या तरी लग्नाचे ऐंशी थोब.
ते दोघे आले, पाहिलं,
काही न बोलता त्याने टाय पाठीवर टाकला,
बाह्या दुमडल्या.
जोडीदार घड्या घालायला बसला.
आधी कॉलर, उलट्या बाजूने,
मग खांदा, मग बाही.
क्रम बरोबर होता!
कोणी शिकवलं?
आईने. सहा भावांचे शर्ट, चर्चच्या आदल्या रात्री.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाला,
आज सोमवार, आज फोन.
काय बोलता?
मी सांगतो, ठीक आहे.
आणि ती?
ती सांगते, ठीक आहे.
आम्ही दोघंही मग इस्त्रीकडेच बघत राहिलो.

जानेवारीत दुसरेच दोघे आले.
तो कुठे गेला, त्यांना नीट सांगता आलं नाही,
किंवा मला नीट कळलं नाही.
त्यांना नवे नंबर दिले.
चारशे सतराचं पान कोरं आहे वहीत.
मालकाने एकदा विचारलं, मी म्हटलं, शाई पसरली होती.

शुक्रवारी घरी फोन लावला.
बायकोला म्हटलं, इथे एक वडीलधारा भेटला होता.
आपल्यातला? ती म्हणाली.
काय सांगणार.
मग प्रणितला दिला तिने फोन. तोही एकोणीसचा.
एरवी हं, हो, ठेवू?
आज म्हणाला, बाबा, उद्या मुलाखत आहे,
शर्टाला इस्त्री कुठून सुरू करायची?
कॉलरपासून, म्हणालो, उलट्या बाजूने.
लाइन खरखरली.
काय म्हणालात?
थांब, म्हणालो,
त्याच्याही आधी
खिसे चाचपून बघ.