तुकडा क्रमांक चार

काचेखाली होग्नीच्या आतड्याचा तुकडा,
नखाच्या कोरीएवढा, जांभळा रंगवलेला.
पेशींची ही गर्दी. बाहेरचं कुणीच नाही,
सगळ्या घरच्याच.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं,
तर फेरो बेटांवर शेत कुठलं?
गवत, मेंढ्या, वारा.

त्याचा कुत्रा मेंढ्यांना चावायला लागला
तेव्हा त्यानंच गोळी घातली,
मग दोन दिवस बोटीवर गेला नाही.

यांना गोळी घालता येत नाही.
उद्या जंतू आले
तर भुंकायचं यांनीच.
म्हणून दर आठ आठवड्यांनी शिरेतून औषध:
थांब. बस. ओळख.

संध्याकाळी धक्क्यावर भेटला.
काय दिसलं?
म्हटलं, जागरण.

कुणाचं, ते त्यानं विचारलं नाही.